शंभर टक्के चार्ज, किलोमीटर मात्र घटले: बॅटरी उतरली म्हणायची का?

हळदबाजार (सांगली)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

चार वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ३० युनिटची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांतच "ही कंपनी की ती" सुरू होतं आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. रोजचं फिरणं विश्रामबाग ते मिरज, आणि आठ-पंधरा दिवसांनी कऱ्हाडला सासुरवाडी. चार्जिंग घरीच, १६ अँपिअरच्या सॉकेटवर. रात्री लावायची, सकाळी काढायची.

नवी होती तेव्हा पूर्ण चार्जला स्क्रीनवर २२५ किलोमीटर दिसायचे. आता १९०. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, आणि आमच्याकडचा एप्रिल कसा असतो ते सांगलीकरांना सांगायला नको.

शेजारचे काका म्हणतात, ८० च्या वर नेऊच नका. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, आठवड्यातून एकदा तरी फुल करा. व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, "फुल चार्ज म्हणजे बॅटरीला विष". तिघांचं ऐकायचं तर गाडी विकून एसटीनं फिरावं लागेल.

तर जाणकारांनी जरा इस्कटून सांगा: रोज १०० करावं की ८०? बॅटरी खरंच किती उतरली हे घरच्या घरी कळतं का? आणि वॉरंटी आहे तोवर विकून मोकळं व्हावं का?

कंदी_पेढा (सातारा)

वाचतोय. माझीही हीच रडकथा आहे, आकडे वेगळे.

ओहमचा_नियम (सातारा)

हळदबाजार, आधी दोन गोष्टी सांगा. सेलचं रसायन कुठलं, एलएफपी की एनएमसी? आणि हे २२५ आणि १९० कुठले आकडे? पूर्ण चार्ज झाल्यावर स्क्रीन जो अंदाज दाखवते ते, की प्रत्यक्ष चालवून आलेले?

स्क्रीनवरचे असतील तर त्यावरून बॅटरीचं काहीच ठरवता येत नाही. गाडी मागचे काही किलोमीटर तुम्ही कशी चालवलीत ते बघते, एका युनिटात किती किलोमीटर पडले ते काढते आणि शिल्लक युनिटांना त्यानं गुणते. आदल्या दिवशी खंबाटकी चढून आलात, एसी लावून १०० नं पळवलीत, की दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा खाली. बॅटरी तीच.

बुलेटवाला_कऱ्हाड

आमच्या गाडीला टाकी एकदा फुल केली की फुलच असते राव, तिला ८० टक्क्यांवर थांब म्हणून कोण सांगत नाय 😄 ह.घ्या.

हळदबाजार

@ओहमचा_नियम, सेल एलएफपी. आकडे स्क्रीनवरचेच. गाडी ४५ हजारांच्या पुढे गेली आहे.

@बुलेटवाला, महिन्याचं पेट्रोलचं बिल इथं टाका, मग हसू.

ओहमचा_नियम

बरं, एलएफपी. मग जरा सविस्तर लिहितो. पोटापाण्यासाठी बॅटरी पॅकचंच काम करतो, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

"फुल चार्ज वाईट" हे वाक्य आलं एनएमसी सेलमधून, म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्टवाले. त्यांचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्या दाबाला आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू बिघडत राहतं, कॅथोडच्या, म्हणजे धन बाजूच्या, कणांना बारीक भेगा पडतात. ऊन जास्त असेल तर हे सगळं आणखी वेगानं. म्हणून मोबाईल आणि लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय आली, आणि एनएमसीवाल्या गाड्यांच्या पुस्तकातही रोजच्या वापराला ८०-९० लिहिलेलं असतं. तिथं तो सल्ला बरोबरच आहे.

एलएफपी म्हणजे लोह आणि फॉस्फेट. हा सेल पूर्ण भरला तरी ३.६५ व्होल्टच्या आसपास थांबतो. इलेक्ट्रोलाइटला तेवढा जाच होत नाही, कॅथोडची चौकटही मजबूत. हे रसायन १९९० च्या दशकात जॉन गुडइनफ यांच्या गटानं पुढे आणलं. पुढे २०१९ साली लिथियम-आयन बॅटरीसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं त्या तिघांतले ते एक.

पण ऋण बाजू, म्हणजे ॲनोड, दोन्हीकडे ग्राफाइटचाच. त्यावर पहिल्या चार्जपासून एक पातळ थर बसतो, त्याला एसईआय म्हणतात. तो थर लागतोच, त्याच्याशिवाय सेल चालायचा नाही. फक्त तो वाढताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. सुरुवातीला झपाट्यानं वाढतो, मग मंदावतो. म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत घट जास्त दिसते आणि लोक तीच आठ वर्षांना गुणून घाबरतात. हा थर वाढायला दोन गोष्टी पोषक: बॅटरी भरलेली असणं आणि गरम असणं. गाडी उभी असली तरी हे चालूच असतं. म्हणजे एलएफपीलाही भरलेल्या अवस्थेत उन्हात ठेवणं काही मानवत नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातून २०२४ साली एलएफपी सेलवरचा अभ्यास आला, त्यातही हेच निघालं. कायम वरच्या टोकाला खेळवलेले सेल लवकर उतरले, सरासरी चार्ज कमी ठेवलेले जास्त टिकले.

मग सर्व्हिस सेंटरवाले फुल करा का म्हणतात? कारण वेगळंच आहे. बॅटरीत किती शिल्लक आहे हे बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला, थेट दिसत नाही. व्होल्टेजवरून अंदाज घ्यावा लागतो. एनएमसीत २० ते ९० टक्क्यांत सेलचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपास बदलतं, त्यामुळे अंदाज बरा येतो. एलएफपीत त्याच पट्ट्यात जेमतेम दशांश व्होल्ट. कऱ्हाडच्या पुढे कृष्णा जशी सपाट होते तसं आहे हे. काठावर उभं राहून पाण्याकडे बघितलं तर औदुंबर आलं की हरिपूर, काही कळत नाही. मग बीएमएस आत आलेला आणि बाहेर गेलेला करंट मोजत बसतं, आणि मोजता मोजता थोडी थोडी चूक साठत जाते. ती पुसायची जागा एकच, पूर्ण चार्ज. टोकाला व्होल्टेज एकदम उसळतं, तिथं बीएमएसला खात्रीनं कळतं की हे १००.

म्हणून टेस्लाही एलएफपीवाल्यांना आठवड्यातून निदान एकदा १०० करा म्हणते. आयुष्य वाढावं म्हणून नव्हे, हिशेब जुळावा म्हणून.

दोन्ही बाजू धरून माझं मत: रोज ८०-९० पुरत असेल तर तेवढंच करा. आठवड्या-पंधरवड्यातून एकदा १०० करा, आणि तेही निघायच्या आधी संपेल असं. १०० ला पोचणं वाईट नाही, १०० वर दिवसभर उन्हात उभं राहणं वाईट.

हळदबाजार

एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद साहेब.

वाखु_साठवा

वाचनखूण (वाखु) साठवली. +१

ऐंशीच्या_आत (इस्लामपूर, आता ईश्वरपूर)

असहमत. माझीही एलएफपी. घेतल्यापासून ८० च्या वर एकदाही नेली नाही आणि काही अडलेलं नाही. कमी भरली तर कमी झिजते, एवढं साधं असताना हे कॅलिब्रेशनचं खूळ कशाला?

ओहमचा_नियम

झीज कमी होते, मान्यच आहे. प्रश्न तुमच्या टक्क्यांवर किती विश्वास ठेवायचा हा आहे. कधी १५ च्या खाली नेली आहे का?

ऐंशीच्या_आत

नाही. गरज पडली नाही.

ताकारी_लोकल

माझ्या मेव्हण्याची गोष्ट सांगतो, गाडीचं नाव विचारू नका. तोही ८० वाला. पुण्याहून येताना पेठ नाक्याच्या अलीकडे १६ टक्के दिसत होते, घर जवळ म्हणून चार्जरवर थांबला नाही. १६ वरून एकदम ५, आणि पाठोपाठ कासव पेटलं. पॉवर तोडली, ताशी ३०-४० च्या वर जाईना. कडेनं पार्किंग लाईट लावून, ट्रकच्या शिव्या खात कसाबसा चार्जरपर्यंत आला. नंतर त्याला कुणीतरी रात्रभर लावून पूर्ण करायला सांगितलं. तसं दोनदा केल्यावर आकडे ताळ्यावर आले.

ऐंशीच्या_आत

हं. येत्या आठवड्यात एकदा १०० करून बघतो. पण रोजचं ८० च राहणार.

ओहमचा_नियम

रोजचं तेच ठेवा, मी दुसरं कुठं म्हणतोय 🙂

घाटमाथा (पाचगणी)

मी फुल चार्ज करत नाही त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते खाली राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

आमचं घर वर, चार खोल्या पाहुण्यांना देतो, आणि भाजीपाल्याला रोज वाईला उतरावं लागतं. सकाळी १०० टक्के घेऊन निघालं की पसरणी घाटाच्या पहिल्या वळणापासून रिजन, म्हणजे गाडी हळू होताना वीज परत बॅटरीत भरणं, बंद. बॅटरीत जागाच नाही तर परत आलेली वीज जाणार कुठं? एरवी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी मागून कुणी धरल्यासारखी हळू होते. त्या दिवशी ती नुसती घरंगळते, मीटरवरची हिरवी पट्टी उठतच नाही. सगळा भार ब्रेकवर. ज्याला सवय रिजनची, त्याला पहिल्या दोन वळणांवर घाम फुटतो. एकदा एका पाहुण्यांना फुल करून दिली होती, ते खाली गेले तर चाकांना हात लावून बघवेना आणि पॅडचा वास.

आता मी ९० ला थांबवते. वाईत पोचेपर्यंत आकडा निघताना होता त्याच्या दोन-तीनने वर असतो.

ओहमचा_नियम

ताई, फार महत्त्वाचा मुद्दा. आकडेमोडही करून टाकतो. पाचगणी ते वाई उंचीतला फरक साधारण ६०० मीटर. गाडी आणि माणसं मिळून १,७०० किलो धरा. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले ६०० म्हणजे एक कोटी ज्यूल, म्हणजे पावणेतीन युनिट. ३० युनिटच्या बॅटरीचे नऊ टक्के. चढताना एवढे खर्च होतातच, शिवाय रस्त्याचा आणि हवेचा खर्च वेगळा. उतरताना त्यातले दीड-एक युनिट परत येतात, पण ते मावायला जागा हवी.

यवतेश्वर-कासकडच्या मंडळींनाही हेच लागू.

कंदी_पेढा

कासच्या हंगामात खालून फुल करून जाणाऱ्यांना अडचण नाही ना मग?

घाटमाथा

नाही हो, चढतानाच जागा होते की. वरती हॉटेलात रात्रभर लावून सकाळी उतरणाऱ्यांनी लक्ष ठेवायचं.

निवृत्त_वायरमन (मिरज)

सगळे सेलचं बोलताय, सॉकेटचं कुणीच नाही. हयात खांबावर गेली म्हणून सांगतो.

हळदबाजार, तुमचं ते १६ अँपिअरचं सॉकेट गाडीसाठी नवं घातलं की गीझरचंच वापरताय? गीझर अर्ध्या तासात बंद होतो. गाडीचा चार्जर आठ-आठ, दहा-दहा तास सलग ओढतो. आत स्क्रू जरा ढिला असला की तिथं गरम होतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिनचं भोक सैल होतं आणि आणखी गरम. चार्जिंग सुरू होऊन तास झाला की प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर तिथंच बंद करा. वायर ४ स्क्वेअरची, कॉपरची, मीटरपासून थेट. वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा). घरातल्या जुन्या अडीचच्या वायरवर लांबून ओढू नका.

अर्थिंगचं सांगतो. आपल्याकडे काळी माती. उन्हाळ्यात भेगा पडतात, खड्डा कोरडा होतो, अर्थिंग नावापुरतं राहतं. चार्जरचा डबा अर्थ तपासूनच सुरू होतो, खराब वाटला की लाल दिवा लावून बसतो. लोक म्हणतात चार्जर बिघडला. खड्ड्यात चार घागरी पाणी ओता, निम्म्या वेळा तिथंच भागतं. कायमचा इलाज म्हणजे नवीन अर्थिंग करून घ्या.

आणि ज्यांना पूर्ण चार्ज करायचा आहे त्यांनी चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत थांबा. ९७-९८ ला घाईनं काढलं तर ते पूर्ण नव्हे.

ओहमचा_नियम

काका, शेवटचं वाक्य सोन्यासारखं. पॅकमध्ये साधारण शंभर सेल एकामागे एक जोडलेले असतात. सगळे एकसारखे भरत नाहीत. एक जरी आधी टोकाला गेला तरी बीएमएस चार्जिंग आवरतं, आणि बाकीच्यांत जागा असूनही ती वाया जाते. चालवताना उलटं, सगळ्यात रिकामा सेल गाडी थांबवतो. हे सारखं करायचं काम, म्हणजे बॅलन्सिंग, बहुतेक गाड्यांत अगदी वरच्या टोकालाच होतं आणि फार बारीक करंटनं होतं. त्याला वेळ लागतो. हायवेवरच्या डीसी चार्जरवर रांग लागलेली असताना ९० नंतर ताटकळत बसून ते होत नाही, आणि मागच्याच्या शिव्या वेगळ्या. घरी, रात्री, सावकाश.

गलाईवाला_विटा

आमच्या भागाचा प्रश्न वेगळा आहे. माझा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा, धंदा बाहेरच्या राज्यात. गावाकडं घर, दारात गाडी. यात्रेला, दिवाळीला येतो, बाकी महिनोन्‌महिने गाडी उभी. भाऊ म्हणाला फुल करून जा, म्हणजे परत आल्यावर तयार. बॅटरी एनएमसी आहे. बरोबर का?

ओहमचा_नियम

अजिबात नको. एनएमसी, १०० टक्के आणि तुमच्याकडचा उन्हाळा, तिन्ही वाईट गोष्टी एकत्र. ५० च्या आसपास ठेवून जा. मोठी बॅटरी उभ्या उभ्या फार उतरत नाही, काही महिन्यांत थोडे टक्के. गाडी शेडमध्ये घ्या, निदान पत्र्याच्या लगत नको.

तुम्हाला खरा त्रास देईल ती १२ व्होल्टची लहान बॅटरी. बहुतेक गाड्यांत ती साधी लेड-ॲसिड. ती मेली की दारही उघडत नाही, मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग शून्य. कशी सोडवायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, किंवा भावाला सांगा दोन आठवड्यांनी गाडी चालू करून गावातून एक चक्कर मारायची.

उष्णतेचं म्हणाल तर निसानची लीफ आठवा. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात २०१२ च्या सुमारास तिच्या बॅटऱ्या इतरांपेक्षा लवकर उतरल्याच्या तक्रारी आल्या. तिच्या पॅकला द्रवाचं कूलिंग नव्हतं. नंतर कंपनीनं क्षमतेचीही वॉरंटी दिली. आता बऱ्याच गाड्यांत कूलंट फिरतं, त्यामुळे चित्र पुष्कळ बरं आहे. गाड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जिओटॅब कंपनीनं २०२४ मध्ये हजारो गाड्यांच्या नोंदींवरून सरासरी घट वर्षाला १.८ टक्के काढली होती. सरासरी हं. वाळवंटातली आणि थंड प्रदेशातली एकच धरू नका.

गलाईवाला_विटा

भावाला आत्ताच फोन केला. आता तो म्हणतोय चक्कर मारायला पोरं हजर आहेत, चक्कर खानापूरपर्यंत जाईल 😀

हळदबाजार

मंडळी, माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. खरी घट मोजायची कशी?

ओहमचा_नियम

किलोमीटर विसरा, युनिट मोजा. रात्री पूर्ण चार्ज, आपोआप थांबेपर्यंत. सकाळी निघताना ट्रिप मीटर शून्य करा, टक्के लिहून ठेवा. एका दमात टक्के जितके खाली नेता येतील तितके न्या, निदान ६०-७० टक्के वापरा, नाहीतर एखाद्या टक्क्याची चूकही मोठी दिसते. परत आल्यावर तीन आकडे: किलोमीटर, स्क्रीनवरचं एका युनिटाला सरासरी किलोमीटर, आणि उरलेले टक्के. किलोमीटर भागिले सरासरी म्हणजे वापरलेली युनिटं. त्याला वापरलेल्या टक्क्यांनी भागा, म्हणजे आज पूर्ण बॅटरीत किती मावतंय ते.

घरच्या मीटरवरून मोजू नका. भिंतीतून घेतलेल्या युनिटांतला दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतचा भाग चार्जरमध्ये आणि वायरमध्ये उष्णता होऊन जातो.

हळदबाजार

केलं. कऱ्हाडला जाऊन आलो (सासुरवाडीत यावेळी गाडीमुळे आलो म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता).

निघताना ९६, परत आल्यावर २५. किलोमीटर १४८. सरासरी युनिटाला ७.४. म्हणजे १४८ भागिले ७.४ बरोबर २० युनिट. ७१ टक्क्यांत २०, म्हणजे पूर्ण बॅटरीत २८.२. कागदावर ३०. घट सहा टक्के?

स्क्रीन मात्र २२५ वरून १९० म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर घट दाखवतेय. बाकीचे कुठं गेले?

ओहमचा_नियम

सहा टक्के, चार वर्षं, ४५ हजार किलोमीटर, सांगलीचा उन्हाळा. मी तर खूश झालो असतो. तेही सगळेच गेलेले असतील असं नाही. कंपनी ३० सांगते त्यातली थोडी क्षमता वर-खाली राखून ठेवलेली असू शकते. नवी असतानाचा असा मोजलेला आकडा नाही ना तुमच्याकडे? मग हा २८.२ आजचा पाया धरा आणि पुढच्या वर्षी याच हवामानात, याच रस्त्याला पुन्हा मोजा.

बाकीचे नऊ-दहा टक्के रस्त्यावर गेले. टायर बदललेत का?

हळदबाजार

हो, मागच्या दसऱ्याला. दुकानदाराकडे त्या मापाचे होते ते घातले. आणि हवेचं म्हणाल तर ३० ठेवतो, गाडी मऊ चालते.

निवृत्त_वायरमन

सापडला चोर.

ओहमचा_नियम

सापडला बहुतेक. ईव्हीबरोबर कंपनीतून येणारे टायर बऱ्याचदा कमी घर्षणाचे असतात, दुकानातले साधे घातले की युनिटाला किलोमीटर घटतात. त्यात हवा कमी. दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा भरा, सकाळी टायर गार असताना.

दुसरं म्हणजे वेग. ८० वरून १०० वर गेलात की हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला दीडपटीहून जास्त. पुणे-बंगळूर हायवेवर पेठ नाक्याला चढल्यावर सगळे आपोआप १०० ला जातात. आणि एप्रिलचा एसी आहेच, मिरजेच्या गर्दीत तर गाडी हलत नसली तरी तो खातो.

हळदबाजार

हवा भरली. स्टिकरवर ३५ आहे. दोन दिवसांतच सरासरी ७.४ ची ७.७ दिसतेय, पण ऊनही जरा कमी होतं, त्यामुळे श्रेय वाटून देतो.

सेकंडहँड_शोधतोय (फलटण)

धागाकर्त्यांनी विकायचं म्हटलं होतं म्हणून विचारतो. जुनी ईव्ही घेताना काय बघायचं?

ओहमचा_नियम

वर दिली तीच चाचणी मालकासोबत करा. देत नसेल तर पुढचा दरवाजा. ओबीडीचा (गाडीच्या तपासणी सॉकेटचा) डोंगल लावून ॲपवर एसओएच, म्हणजे बॅटरीची किती क्षमता उरली तो आकडा, वाचता येतो, पण तो बीएमएसचा अंदाज आहे, गेल्या सहा महिन्यांत गाडी कधीच पूर्ण चार्ज झाली नसेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नका. सेलमधला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज यांतला फरक बघा, खास करून २० टक्क्यांच्या खाली. तिथं एखादा सेल एकटाच खाली पडत असेल तर सोडून द्या.

वॉरंटी बहुतेकांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी. किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार हे कागदावर बघा, विक्रेत्याच्या तोंडावर नको. "आजीवन वॉरंटी" ऐकलं की विचारा, कुणाच्या आजीवन? महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई ला ती आहे, पण पहिल्या खाजगी मालकापुरती. तुमच्या नावावर झाली की अटी वेगळ्या.

ताकारी_लोकल

सांगलीतून घेत असाल तर २०१९ किंवा २०२१ च्या पुरात होती का, तेही विचारा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. बॅटरीवरचा आयपी६७ शिक्का म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. तळमजल्यात चार दिवस बुडून राहिलेल्या गाडीला त्या शिक्क्याचा उपयोग नाही.

सेकंडहँड_शोधतोय

हे डोक्यातच आलं नव्हतं. नोंदवून ठेवलं.

बुलेटवाला_कऱ्हाड

मस्करी बाजूला, धागा चांगला झालाय. बायकोच्या डोक्यात ईव्ही आहे. आता मला विचारायला निदान प्रश्न तरी मिळाले.

हळदबाजार

गाडी विकत नाही. सध्या असं ठरवलंय: रोज ८५, कऱ्हाडला जायच्या आदल्या रात्री १००, आणि चार्जिंगची वेळ ॲपमध्ये अशी लावली की पहाटे संपेल. दिवसा उभी करायला शेजारच्या गोडाऊनची सावली मिळाली, महिन्याला हळदीच्या दोन पुड्या भाडं.

एकच शंका राहिली. टीओडी (वेळेनुसार दर लावणारा) मीटर बसलाय, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त. मग चार्जिंग दुपारी करायचं की पहाटे? पैसे वाचवू की बॅटरी?

ओहमचा_नियम

सावलीत असेल तर दुपारी लावा. ३.३ किलोवॅटच्या चार्जिंगनं बॅटरी फारशी तापत नाही, उन्हात उभं राहून तापते. फक्त दुपारी ८५ च्या वर नेऊ नका. १०० करायचे ते पहाटेच.

निवृत्त_वायरमन

दुपारी लावणार असाल तर प्लग आणखी गरम होणार. पिवळा पडलाय का ते सांगितलं नाहीत अजून. सॉकेटचा फोटो टाका.

हळदबाजार

काका, घरी गेल्यावर टाकतो. थोडा पिवळा आहे.

निवृत्त_वायरमन

थोडा म्हणजे बदलायचा. आज रात्री गाडी लावू नका.